निसटलेल्याचा हिशेब

१९८४ च्या पूर्वार्धात ‘फिजिक्स लेटर्स’ या नियतकालिकात जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या यूए-१ गटाचा एक शोधनिबंध छापून आला. त्यात फक्त सात टकरींचे वर्णन होते. पाच टकरींत एका बाजूला कणांचा अरुंद, जोरकस फवारा उडाला होता आणि समोरच्या बाजूला काहीच नव्हते. उरलेल्या दोन टकरींत फवाऱ्याच्या जागी फोटॉनसारखे काहीतरी होते आणि समोर तसाच शुकशुकाट. नेहमीच्या कुठल्याही प्रक्रियेतून किंवा प्रस्थापित सिद्धांतातून या घटनांचा उलगडा होत नाही, असे लेखकांनी सरळच लिहून टाकले होते.

दुसऱ्या कोणी असे लिहिले असते तर लोकांनी भुवया उंचावून पान उलटले असते. पण यूए-१ चे प्रमुख होते कार्लो रुबिया. या गटाने जानेवारी १९८३ मध्ये डब्ल्यू कण सापडल्याचे जाहीर केले होते आणि त्याच वर्षी झेड कणही शोधला होता. १९८४ च्या ऑक्टोबरात रुबिया आणि सिमॉन व्हान डर मेर यांना नोबेल पारितोषिक मिळायचे होते. शिवाय डब्ल्यू सापडला होता तोच मुळी तुटीवरून. तो फुटला की एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो आणि एक न्यूट्रिनो. इलेक्ट्रॉन यंत्रात दिसतो, न्यूट्रिनो दिसत नाही. रुबियांच्या माणसांनी न दिसलेल्या न्यूट्रिनोची ऊर्जा मोजून डब्ल्यू पकडला होता. तूट वाचण्यात या गटाचा हात धरणारे तेव्हा फार कोणी नव्हते.

ही तूट मोजायची कशी? प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन समोरासमोर आदळतात तेव्हा त्यांची सगळी धाव झोताच्या रेषेत असते, आडव्या दिशेला काहीच नसते. संवेग नाहीसा होत नाही. म्हणून टकरीनंतर चहूकडे उडालेल्या सगळ्या कणांच्या आडव्या संवेगाची दिशेसह बेरीज केली तर ती शून्य यायला हवी. झोताच्या रेषेतला हिशेब लागत नाही, कारण फुटलेल्या प्रोटॉनचे अवशेष नळीतूनच पुढे निघून जातात. आडव्या दिशेचा मात्र लागतो, आणि तो लागला नाही तर यंत्राला चुकवून कोणीतरी निसटले असे समजायचे. रात्री दुकान बंद करताना गल्ला मोजावा तसा हा प्रकार आहे: किती कमी पडले ते कळते, कोणी नेले ते कळत नाही. कोलायडरमध्ये, म्हणजे अशा टकरी घडवणाऱ्या यंत्रात, कृष्णद्रव्य शोधणाऱ्यांची गेली चाळीस वर्षे त्या ‘कोणी नेले’मध्ये गेली आहेत.

आता कृष्णद्रव्याची पूर्वपीठिका थोडक्यात. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी या स्विस खगोलशास्त्रज्ञाने केशसंभार तारकासमूहातल्या दीर्घिकांच्या गुच्छाचे वेग तपासले. ते इतके जास्त होते, की दिसणाऱ्या वस्तुमानाच्या गुरुत्वाकर्षणाने तो गुच्छ एकत्र राहणे शक्यच नव्हते. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेच्या बाहेरच्या भागांचे वेग मोजले, तेही अपेक्षेप्रमाणे मंदावताना दिसले नाहीत. पुढे प्लांक उपग्रहाने दिलेला ताळेबंद असा: विश्वाच्या एकूण साठ्यात आपल्या ओळखीचे द्रव्य जेमतेम ५ टक्के आणि कृष्णद्रव्य साधारण २७ टक्के. हे द्रव्य प्रकाश देत नाही आणि अडवतही नाही. गुरुत्वाकर्षणापलीकडे त्याने आजवर कुठलीच ओळख दिलेली नाही.

खगोलशास्त्रज्ञांचा हा प्रश्न कणभौतिकीच्या दारात आला तो १९७० च्या दशकात. बेंजामिन ली आणि स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९७७ मध्ये असा हिशेब मांडला: आरंभीच्या तप्त विश्वात जड आणि क्षीण बलानेच वागणारे कण असतील, तर विश्व पसरत आणि थंड होत गेल्यावर ते एकमेकांना गाठून नष्ट होण्याचे थांबतील आणि काही शिल्लक उरतील. किती उरतील, हे त्यांच्यातल्या बलाच्या जोरावर ठरते. असा कण साधारण २ जीईव्हीपेक्षा, म्हणजे प्रोटॉनच्या दुपटीपेक्षा, जड असेल तर विश्वाच्या साठ्याचा मेळ बसतो. प्रोटॉनच्या शंभरपट वस्तुमान आणि क्षीण बलाइतका जोर धरला तर उरणारा साठा आजच्या कृष्णद्रव्याच्या आसपास येतो, हे पुढे अनेकांच्या लक्षात आले. अशा कणांना ‘विंप’ म्हणू लागले. या योगायोगाला भौतिकशास्त्रज्ञ चमत्कार म्हणतात, आणि एका पिढीचे संशोधन त्या चमत्काराच्या भरवशावर उभे राहिले. कोलायडरवाल्यांसाठी त्याचा अर्थ अगदी व्यवहारी होता. आरंभीच्या विश्वात साध्या कणांच्या टकरींतून हे कण घडत असतील, तर तसल्याच टकरी आपण घडवल्या की ते पुन्हा घडायला हवेत, आणि घडले की निसटायला हवेत.

हेच कण मागणारा एक सिद्धांतही तयार होता. सुपरसिमेट्री प्रत्येक ज्ञात कणाला एक जड जोडीदार देते आणि त्यातला सर्वांत हलका जोडीदार सहसा टिकाऊ असतो. हाइम गोल्डबर्ग यांनी १९८३ मध्ये, आणि पाठोपाठ जॉन एलिस व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये, असा जोडीदार कृष्णद्रव्य असू शकेल का याचे गणित केले. फोटॉनच्या जोडीदाराला फोटिनो म्हणत. यूए-१ च्या सात घटना नेमक्या याच वेळी आल्या. एका बाजूला फवारा आणि दुसऱ्या बाजूला फोटिनो पसार, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहायला कल्पनाशक्तीची फारशी गरज नव्हती.

मग निबंधांचा पाऊस सुरू झाला. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, म्हणजे टीआयएफआरमधले, डी. पी. रॉय आणि जर्मनीतल्या डॉर्टमुंडचे एवाल्ड राया या दोघांनी त्याच वर्षी या घटनांचा सुपरसिमेट्रीच्या अंगाने अर्थ लावणारे निबंध लिहिले. अशा घटनांना तोवर ‘मोनोजेट’ हे नाव रूढ झाले होते. त्या निबंधांचे मोल पुढे वेगळ्याच रीतीने टिकले. असा कण कोलायडरमध्ये घडला तर यंत्रात नेमके काय दिसेल, हे आकड्यांनिशी मांडण्याची सवय या क्षेत्राला याच गडबडीत लागली.

मोनोजेटचा निकाल लावायला वर्ष पुरेसे झाले. झेड कण दर पाच वेळांतून एकदा न्यूट्रिनोच्या जोडीत विरतो. तो फवाऱ्यासोबत जन्मला तर यंत्राला फक्त फवारा दिसतो. डब्ल्यू कण टाऊ, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद, आणि न्यूट्रिनो यांत फुटला तर टाऊचे अवशेष अरुंद फवाऱ्यासारखे दिसतात आणि न्यूट्रिनो गुल. शिवाय दोन फवाऱ्यांतल्या एकाची ऊर्जा यंत्राने कमी मोजली तरी तूट दिसते. यूए-१ ने यातल्या एकेका संशयिताची चौकशी केली होती आणि प्रत्येक जण पुराव्याअभावी सुटला होता. सगळे मिळून ही तूट भरून काढतील का, हे पाहणारे दुसरेच निघाले. सिद्धांतकार ग्विदो आल्तारेल्ली यांनी १९८५ मध्ये इटलीतल्या सँ व्हँसाँच्या परिषदेत या साऱ्या किरकोळ प्रक्रियांचे एकत्र मिश्रण मांडले. त्याला ‘आल्तारेल्ली कॉकटेल’ हे नाव पडले. स्टीव्हन एलिस, रोनाल्ड क्लाइस आणि जेम्स स्टर्लिंग यांनी ते गणित तपशिलाने केले. दरम्यान कोलायडरची ऊर्जा ५४० वरून ६३० जीईव्हीवर गेली होती, तरी नव्या मोजणीत या घटना अपेक्षेसारख्या वाढल्या नाहीत. १९८७ मध्ये यूए-१ ने तुटीच्या घटनांवर निबंधांची मालिकाच छापली आणि त्यात सगळे जुन्या सिद्धांतात बसत असल्याचे दाखवले.

गॅरी टॉब्स या पत्रकाराने या काळात सर्नमध्ये मुक्काम ठोकला होता. त्याच्या १९८६ च्या ‘नोबेल ड्रीम्स’ या पुस्तकात रुबियांची महत्त्वाकांक्षा हाच मुख्य विषय आहे. ते पुस्तक वाचायला चटकदार असले तरी मला त्यातला न्यायनिवाडा अपुरा वाटतो. माणसाच्या घाईवर बोट ठेवले की प्रकरण मिटल्यासारखे होते. खरी अडचण पद्धतीतच होती. तुटीला चेहरा नसतो, म्हणून ती नव्या कणाच्या नावावर टाकण्याआधी जुन्या कणांनी काय काय नेले याची पै-पै मोजावी लागते. १९८४ मध्ये ती मोजायला लागणारी गणितेही पुरती तयार नव्हती आणि यंत्रेही.

त्या १९८७ च्या मालिकेत एक बारीकशी गोष्ट होती. तुटीच्या घटना मोजून झेड कण जास्तीत जास्त किती अदृश्य वाटांनी नाहीसा होऊ शकेल, याची मर्यादा यूए-१ ने काढली होती. जो न्यूट्रिनो काल संशयित होता, तोच आज मोजमापाचा विषय झाला. दोन वर्षांनी हाच प्रश्न सर्नच्या नव्या यंत्राने कायमचा सोडवला.

जिनिव्हा विमानतळापासून जुरा डोंगराच्या पायथ्यापर्यंत जमिनीखाली २७ किलोमीटरचा वर्तुळाकार बोगदा खणून त्यात लेप हे यंत्र बसवले होते. त्यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन आदळत. प्रोटॉन म्हणजे कणांची मोळी, तिच्या टकरीत नेमके कोण कोणावर आदळले ते सांगता येत नाही. इलेक्ट्रॉन एकसंध असतो, त्यामुळे लेपमध्ये आत किती ऊर्जा गेली ते अचूक ठाऊक असे. टकरींची ऊर्जा थोडी थोडी बदलत झेडच्या शिखराची रुंदी मोजायची, एवढेच काम. झेडला फुटायला जितक्या वाटा, तितके त्याचे आयुष्य कमी आणि शिखर रुंद. दिसणाऱ्या वाटा मोजून वजा केल्या की न दिसणाऱ्या उरतात. ऑक्टोबर १९८९ मध्ये लेपवरच्या चारही प्रयोगांनी निकाल जाहीर केला: न्यूट्रिनोच्या जाती तीन. पुढच्या वर्षांतल्या कोट्यवधी झेडनंतर हा आकडा २.९८४ वर स्थिरावला.

या चार प्रयोगांपैकी एल-३ मध्ये अतुल गुर्टू आणि टीआयएफआरचा गट सामील होता. एल-३ ने दुसऱ्या मार्गानेही तोच हिशेब पडताळून पाहिला: आत इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन, बाहेर फक्त एक एकटा फोटॉन, बाकी सगळे निसटलेले. तुटीच्या इतिहासात मला हा क्षण मोनोजेटपेक्षा मोठा वाटतो, पण त्यावर चटकदार पुस्तक लिहिले गेले नाही, कारण कोणी तोंडघशी पडले नाही. झेडच्या निम्म्या वस्तुमानापेक्षा, म्हणजे सुमारे ४५ जीईव्हीपेक्षा, हलका आणि न्यूट्रिनोसारखा झेडशी बांधलेला चौथा अदृश्य कण निसर्गात नाही, हे या एका आकड्याने ठरले. ली आणि वाइनबर्ग यांच्या मूळ कल्पनेतला काही जीईव्हीचा जड न्यूट्रिनो इथेच बाद झाला. नोव्हेंबर २००० मध्ये लेप बंद करण्यात आले आणि पुढे त्याच बोगद्यात एलएचसी या प्रोटॉन कोलायडरची चुंबके उतरू लागली.

एलएचसीवरच्या सीएमएस यंत्राच्या रचनेत १९८४ च्या धड्याचा माग काढायचा तर एका कमी ओळखीच्या भागाकडे पाहावे. त्या भागाचा मुंबईशी थेट संबंध आहे. सीएमएस हे फ्रान्समधल्या सेसी गावाखाली बसवलेले १४,००० टनांचे यंत्र. त्याच्या पोटात सुमारे सहा मीटर व्यासाचे अतिवाहक चुंबक आहे आणि फवाऱ्यांची ऊर्जा मोजणारे उपकरण, म्हणजे हॅड्रॉन कॅलोरीमीटर, त्या चुंबकाच्या आत दाटीवाटीने बसवावे लागले. ते पितळेचे आणि प्लास्टिकच्या चमकणाऱ्या पट्ट्यांचे आहे. त्यातल्या दोन्ही टोकांच्या पितळेसाठी रशियन नौदलाच्या दुसऱ्या महायुद्धातल्या दहा लाखांहून अधिक तोफगोळ्यांची आवरणे वितळवली होती, हा तपशील सीएमएसचे लोक पाहुण्यांना हमखास सांगतात. पण जागा कमी, म्हणून मधल्या भागात पितळेची जाडी कमी. फार जोरदार फवारा आला की त्याचे शेपूट त्या जाडीतून पार निघून चुंबकात शिरते. शेपूट मोजले गेले नाही तर त्या बाजूची ऊर्जा कमी दिसणार, म्हणजेच खोटी तूट.

ती खोटी तूट रोखण्यासाठी चुंबकाच्या बाहेर आणखी एक थर लावला गेला. त्याला बाह्य हॅड्रॉन कॅलोरीमीटर किंवा नुसते ‘एचओ’ म्हणतात. फवारा अडवणारे जड द्रव्य म्हणून इथे चुंबकाचाच धातू कामी येतो. हे एचओ टीआयएफआर आणि चंदीगडचे पंजाब विद्यापीठ यांनी मिळून बांधले. सेंटिमीटरभर जाडीच्या चमकणाऱ्या प्लास्टिकच्या फरशा, त्यांत कोरलेल्या वळणदार खोबणींतून जाणारे प्रकाशतंतू, आणि यंत्राच्या पाच लोखंडी कड्यांत बारा-बारा विभागांनी मांडलेले त्यांचे थर, असे त्याचे रूप. कण फरशीतून गेला की निळसर चमक उठते, तंतू ती टिपून रंग बदलून बाहेर नेतो आणि तिथे तिचा विद्युत संकेत होतो. सुरुवातीला हे काम करणारी हायब्रिड फोटोडायोडे तिथल्या चुंबकक्षेत्रात नीट वागेनात, आपसूक ठिणग्यांसारखे संकेत देऊ लागली. २०१३-१४ च्या दीर्घ विश्रांतीत ती काढून सिलिकॉनची फोटोगुणके बसवली. हिग्ज कणाच्या बातम्यांत एचओचा उल्लेख सहसा येत नाही. त्याचे काम फवाऱ्याच्या शेपटीची नोंद घेणे हे आहे आणि शेपटीची नोंद घेऊन बातमी होत नाही, फक्त चुकीची बातमी टळते.

एलएचसीची सुरुवात अडखळत झाली. १० सप्टेंबर २००८ ला झोत फिरला आणि १९ तारखेला चुंबकांमधल्या एका सदोष जोडात ठिणगी पडून टनावारी हेलियम बोगद्यात सुटले. दुरुस्तीत वर्षाहून अधिक काळ गेला. ३० मार्च २०१० ला ७ टीईव्हीच्या, म्हणजे ७,००० जीईव्हीच्या, टकरी सुरू झाल्या.

त्याच वर्षी सिद्धांतकारांच्या बाजूने एक गमतीशीर वळण आले. तोवर बहुतेकांची अपेक्षा अशी, की सुपरसिमेट्रीचे जड कण आधी घडतील, ते फुटत फुटत शेवटी अदृश्य कण उरेल आणि वाटेत भरपूर फवारे दिसतील. फर्मीलॅबचे यांग बाइ, पॅट्रिक फॉक्स आणि रोनी हारनिक यांच्यासारख्या काही जणांनी विचारले, की बाकी काही न घडता कृष्णद्रव्याची नुसती जोडीच घडली तर? ती दोन्ही बाजूंनी निघून जाईल आणि यंत्राला टकर झाल्याचेही कळणार नाही. कळायचे असेल तर टकरीआधी प्रोटॉनमधल्या एखाद्या क्वार्कने ग्लुऑनचा फवारा बाजूला टाकलेला असावा लागेल. म्हणजे एक फवारा आणि समोर शुकशुकाट. बदनाम झालेला मोनोजेट पाव शतकाने सन्मानाने परत आला. शिकागोजवळच्या टेव्हाट्रॉनवरच्या सीडीएफ प्रयोगाने २०१२ मध्ये असा शोध छापला आणि त्याच सुमारास एलएचसीवरच्या सीएमएस व अ‍ॅटलस यांनीही.

परत आला तो मात्र दुधाने तोंड पोळलेल्यांच्या हाती. झेडने न्यूट्रिनोंच्या जोडीत विरून केलेली तूट आता गणितावर सोडली जात नाही, यंत्राकडूनच मोजून घेतली जाते. झेड कण शंभरात सुमारे वीस वेळा न्यूट्रिनोंत आणि तीनहून थोड्या अधिक वेळा म्यूऑनच्या जोडीत फुटतो. म्यूऑन स्वच्छ दिसतात. म्हणून फवारा आणि दोन म्यूऑन अशा घटना जमवायच्या आणि संगणकात त्यांतले म्यूऑन पुसून टाकायचे. उरते ती न्यूट्रिनोवाल्या घटनेची हुबेहूब नक्कल. म्यूऑनवाल्या घटना कमी पडतात म्हणून जोडीला डब्ल्यूच्या आणि फोटॉनच्या घटना घेतात. त्यांचे आपसातले प्रमाण पुरेसे अचूक हवे म्हणून २०१७ मध्ये सिद्धांतकारांच्या एका मोठ्या गटाने केवळ या पार्श्वभूमीचे गणित अनेक पायऱ्या खोल नेले. आल्तारेल्लींचे कॉकटेल आता काही टक्क्यांच्या अचूकतेने मोजून ओतले जाते.

तेवढ्याने भागत नाही. झोताच्या कडेने धावणारा भरकटलेला म्यूऑन, आकाशातून आलेला विश्वकिरण, एखाद्या खोक्यातला विद्युत गोंगाट, मेलेली तार: यांतले काहीही तूट घडवू शकते. मोठी तूट दिसली की सीएमएसमधला माणूस आधी कृष्णद्रव्याचा नव्हे, यंत्राच्या त्या कोपऱ्याचा विचार करतो. गोंगाटाच्या घटना ओळखून बाजूला काढणाऱ्या चाळण्या लिहिणे हे नव्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला येणारे काम. त्यात प्रसिद्धी शून्य, पण बाकी सगळे त्यावर उभे असते.

घाई पूर्ण संपली असेही नाही. डिसेंबर २०१५ मध्ये दोन्ही प्रयोगांत ७५० जीईव्हीच्या आसपास फोटॉनजोड्यांचा एक उंचवटा दिसला. काही महिन्यांत त्यावर पाचशेहून अधिक सैद्धांतिक निबंध आले आणि अनेकांनी त्याचे नाते कृष्णद्रव्याशी जोडून टाकले. ऑगस्ट २०१६ च्या शिकागो परिषदेत जास्तीच्या मोजणीत उंचवटा विरून गेला. फरक एवढाच, की या वेळी प्रयोगकर्त्यांनी शोध लागल्याचा दावा केला नव्हता, हुरळले ते सिद्धांतकार.

मोनोजेटमध्ये आजवर काही सापडलेले नाही. १३ टीईव्हीच्या साऱ्या टकरी धरून दोन्ही प्रयोगांनी २०२१ मध्ये निकाल दिले, तूट होती तेवढी न्यूट्रिनोंच्या खात्यात बसली. ग्लुऑनचा सुपरसिमेट्रिक जोडीदार साध्या प्रतिकृतींत २ टीईव्हीच्या पलीकडे ढकलला गेला. हे विश्वातल्या ‘चमत्कारा’ला पडलेले मोठेच भगदाड आहे, कोणी काहीही म्हणो. विंपची कल्पना मेली नाही, पण १९८५ किंवा २००५ च्या तरुण संशोधकाला ती जितकी अटळ वाटे तितकी आजच्याला वाटत नाही.

हिग्जची वाट मात्र अजून मोकळी आहे, आणि तिच्यावर मुंबईच्या लोकांची पावले बरीच आधीची आहेत. ४ जुलै २०१२ ला जाहीर झालेला १२५ जीईव्हीचा हिग्ज कण वस्तुमान असलेल्या प्रत्येकाशी नाते ठेवतो. कृष्णद्रव्याला वस्तुमान आहे. तेव्हा हिग्ज गुपचूप कृष्णद्रव्याच्या जोडीत फुटत असेल का? हिग्ज सापडण्याच्या कितीतरी आधी, १९९४ मध्ये, देबज्योती चौधुरी आणि डी. पी. रॉय यांनी एलएचसीवर अदृश्य होणाऱ्या हिग्जच्या खुणा कशा असतील यावर निबंध लिहिला. २००३ मध्ये रोहिणी गोडबोले, मनोरंजन गुचैत, काजरी मजुमदार, स्तेफानो मोरेत्ती आणि रॉय यांनी डब्ल्यू किंवा झेडच्या साथीने घडलेला अदृश्य हिग्ज कसा हुडकावा याचा आराखडा मांडला. मजुमदार प्रयोगकर्त्या, बाकीचे सिद्धांतकार, आणि निबंधाचा प्रश्न अगदी कामाचा: किती टकरी लागतील?

रोहिणी गोडबोले पुण्याच्या. एस. पी. कॉलेज, मग आयआयटी मुंबई, अमेरिकेत स्टोनी ब्रुकला डॉक्टरेट, परत आल्यावर टीआयएफआर, मग मुंबई विद्यापीठात अध्यापन आणि १९९५ पासून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. फ्रान्समधल्या जेनेव्हिएव्ह बेलाँजे आणि फावझी बुद्जेमा यांच्यासोबत त्या २००१ पासून एकाच प्रश्नाभोवती पुन्हा पुन्हा फिरत राहिल्या: सुपरसिमेट्रीतला न्यूट्रलिनो नावाचा हलका जोडीदार, विश्वात उरलेला त्याचा साठा आणि हिग्जचे अदृश्य होणे या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळतात का? एलएचसीचा प्रत्येक नवा निकाल आला की त्या आणि त्यांचे तरुण सहकारी उरलेली जागा पुन्हा मोजत, आणि दर खेपेला ती थोडी आक्रसलेली निघे. २५ ऑक्टोबर २०२४ ला पुण्यात त्यांचे निधन झाले.

अदृश्य हिग्जचा शोध मुख्यतः एका खास रचनेतून चालतो. दोन्ही प्रोटॉनमधल्या क्वार्कांनी एकेक डब्ल्यू किंवा झेड टाकले आणि त्यांतून हिग्ज घडला, तर क्वार्कांचे दोन फवारे पुढे-मागे, झोताच्या जवळ उडतात आणि मध्ये मोठी तूट उरते. ही युक्ती ऑस्कर एबोली आणि डीटर झेपेनफेल्ड यांनी २००० मध्ये सुचवली होती. २०२३ मध्ये अ‍ॅटलसने सगळ्या शोधांची बेरीज करून सांगितले, की हिग्ज अदृश्य होण्याचे प्रमाण जास्तीत जास्त सुमारे ११ टक्के असू शकते. सीएमएसचा आकडा १५ टक्के. प्रस्थापित सिद्धांताप्रमाणे ते ०.१ टक्का असते, तेही चार न्यूट्रिनोंमुळे. ११ आणि ०.१ यांच्यामधल्या पट्ट्यात कोण आहे ते माहीत नाही. ही जागा बंद व्हायला निदान दोन दशके लागतील.

या साऱ्या खटाटोपाला एक मूलभूत मर्यादा आहे, ती उत्साही बातम्यांत सहसा येत नाही. यंत्रातून निसटायला कणाला नॅनोसेकंदांचा हिशेब पुरतो, यंत्राची भिंत काही मीटरांवरच असते. कृष्णद्रव्याला मात्र १३.८ अब्ज वर्षे टिकावे लागले आहे. उद्या सीएमएसमध्ये निर्विवाद तूट दिसली तरी सिद्ध होईल ते एवढेच, की नवा, अदृश्य आणि यंत्राबाहेर पडेपर्यंत जगणारा कण सापडला. तोच दीर्घिकांना बांधून ठेवतो हे सांगायला इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या किंवा अमेरिकेत साउथ डकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीतल्या झेनॉनच्या टाक्यांना त्याच वस्तुमानाचा धक्का जाणवावा लागेल. त्या टाक्याही आजवर गप्प आहेत.

म्हणून अलीकडे काहींनी निसटलेल्याचा पाठलाग सुरू केला. जोनाथन फेंग आणि तीन सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सुचवले, की हलके, क्षीण नात्याचे आणि काही अंतर चालून फुटणारे कण घडत असतील तर ते झोताच्या रेषेतच सरळ पुढे जातील, म्हणजे जिथला हिशेब आपण कधी मांडतच नाही तिथे. अ‍ॅटलसच्या टकरबिंदूपासून ४८० मीटरवर लेपच्या काळातला एक बाजूचा बोगदा रिकामा पडला होता. तिथे अ‍ॅटलस आणि एलएचसीबी या दोन प्रयोगांकडच्या शिल्लक सुट्या भागांतून काही मीटर लांबीचे फेजर हे यंत्र उभे राहिले आणि २०२२ मध्ये चालू झाले. त्याला हवा होता तो कृष्णद्रव्याच्या दुनियेशी आपल्याला जोडणारा ‘कृष्ण फोटॉन’. तो दिसला नाही, आणि त्याच्या मर्यादा रीतसर छापल्या गेल्या. पण मार्च २०२३ मध्ये फेजरने १५३ वेगळ्याच घटना जाहीर केल्या. टकरींतून निघून शंभर मीटर खडक भेदून आलेले न्यूट्रिनो या यंत्रात अडखळले होते. कोलायडरमध्ये जन्मलेला न्यूट्रिनो प्रत्यक्ष पकडला गेला तो हा पहिलाच. रुबियांच्या काळापासून ज्याचे नाव फक्त तुटीच्या रकान्यात लिहिले जात होते, त्याची जमेच्या बाजूला नोंद झाली. एलएचसी २०३० च्या सुमारास कितीतरी अधिक दाट झोतांनिशी पुन्हा सुरू करायचे ठरले आहे, आणि फेजरसारख्या यंत्रांसाठी आणखी मोठे खोदकाम करावे का यावर सर्नमध्ये चर्चा चालू आहे.